पाण्याखालच्या मृत्यूचा पंचनामा

प्रति,
मा. केंद्रीय पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : समुद्रातील तेलक्षेत्रांत काम करणाऱ्या पाणबुड्यांच्या अपघाती मृत्यूंची चौकशी

पाण्याखाली काम करताना माणूस दगावला, तर त्याच्या मृत्यूचा पुरावा त्याच घटकेपासून विरायला लागतो. जमिनीवर यंत्र जागच्या जागी राहते, डाग वाळतात, पंचनामा करणाऱ्याला उभे राहायला जागा असते. समुद्रतळाशी यातले काहीच नसते. घटनास्थळ पाहायचे तर दुसरा पाणबुड्याच खाली सोडावा लागतो. मृताने शेवटचा श्वास ज्या वायूत घेतला, तो वायू नळी सुटताच हवेत मिसळून जातो. शरीर वर आणताना भोवतीचा दाब उतरतो आणि त्या उतरत्या दाबाने शरीराच्या आत अशी चिन्हे उमटतात, जी मृत्यूच्या क्षणी तिथे नव्हतीच. पोलीस ठाण्यातल्या अकस्मात मृत्यूच्या नोंदवहीत एवढे सगळे मावत नाही.

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर मुंबई हाय हे तेलक्षेत्र आहे. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या ड्रिलिंग रिगने तिथे तेल शोधले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तिथल्या पाण्याची खोली साधारण पाऊणशे मीटर. तळावरून जाणाऱ्या पाइपलाइनी, प्लॅटफॉर्मचे पाय, तेल-वायू वर चढवणारे रायझर, या सगळ्यांची तपासणी आणि दुरुस्ती तळाशी जाऊनच करावी लागते. दर दहा मीटर खोलीला जमिनीवरच्या हवेच्या दाबाइतका दाब वाढतो, म्हणजे पाऊणशे मीटरवर माणसाच्या अंगावर जमिनीवरच्या साडेआठपट दाब असतो. एवढ्या दाबाखाली श्वासातला वायू रक्तात आणि चरबीत मुरतो, बंद बाटलीतल्या सोड्यात मुरतो तसा. झाकण एकदम उघडले की सोडा फसफसतो. शरीराचेही तसेच होते, म्हणून वर येणे फार हळू असावे लागते.

रोज खाली-वर करून हे जमत नाही. त्यासाठी सॅच्युरेशन डायव्हिंगची पद्धत आहे. पाणबुडे जहाजावरच्या पोलादी चेंबरमध्ये, तळाइतक्याच दाबात, हेलियम आणि प्राणवायूच्या मिश्रणात आठवडेच्या आठवडे राहतात. तिथेच जेवतात, तिथेच झोपतात. कामाच्या वेळी त्याच दाबाच्या बेलमधून, म्हणजे खाली सोडल्या जाणाऱ्या बंद कोठडीतून, तळाशी उतरतात आणि त्याच बेलमधून चेंबरमध्ये परततात. मुक्काम संपला की मुंबई हायच्या खोलीचा दाब उतरवायला तीन-चार दिवस लागतात. चेंबरच्या काचेबाहेर डेकवर माणसे चहा पीत उभी असतात. आतल्या माणसाला मात्र त्या चहापर्यंत पोचायला तीन दिवस हवेत. दार आधी उघडले तर तो मरतो.

या अटीचा अर्थ २७ जुलै २००५ रोजी महाराष्ट्राने पाहिला, पण ध्यानात ठेवला नाही. आदल्या दिवशीच्या पावसाने मुंबई बुडाली होती आणि सगळ्यांचे लक्ष तिकडे होते. ‘समुद्र सुरक्षा’ या पाणबुड्यांच्या मदतजहाजावर एका स्वयंपाक्याची बोटे कापली. पावसाने हेलिकॉप्टर उडू शकत नव्हते, म्हणून त्याला मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर क्रेनच्या पाळण्यातून चढवायचे ठरले. जहाज ज्या बाजूने जवळ आले, त्या बाजूने वारा आणि लाटा ते प्लॅटफॉर्मकडेच ढकलत होत्या. जहाजाचे हेलिडेक रायझरवर आदळले, वायू सुटला, आग लागली आणि सुमारे दोन तासांत प्लॅटफॉर्म कोसळला. प्लॅटफॉर्म, शेजारचे ड्रिलिंग रिग आणि जहाज मिळून ३८४ जण होते. ३६२ वाचले, २२ जणांचा बळी गेला. जहाजही पेटले आणि त्यावरची माणसे ते सोडून गेली. मात्र चेंबरमध्ये सहा पाणबुडे दाबाखाली होते. त्यांना कुठेही जाता येत नव्हते. सुमारे ३६ तासांनी त्यांची सुटका झाली. १ ऑगस्टला ते जहाज बुडाले.

त्या सहा जणांचा जीव वाचला, हे त्यांचे नशीब आणि त्यांना सोडवणाऱ्यांचे धाडस. चौकशीच्या दृष्टीने मात्र ही घटना दुसरेच काही शिकवते. साखळी कापलेल्या बोटांपासून सुरू होते. मग हवामान, हेलिकॉप्टरची अडचण, कोणत्या बाजूने जवळ जायचे हा निर्णय, जहाज जागेवर धरणाऱ्या थ्रस्टरची स्थिती, आदळण्यापासून न राखलेले रायझर, आणि चेंबरमधल्या माणसांना दाबासकट बाहेर काढायची सोय. यातली एक कडी जरी जागेवर असती तरी शेवट वेगळा झाला असता. जी चौकशी शेवटच्या कडीपाशी, म्हणजे सुकाणूवरच्या माणसापाशी थांबते, ती पुढचा अपघात रोखू शकत नाही. या आगीनंतर तीन वर्षांनी, २००८ मध्ये, समुद्रातील तेल-वायू कामांच्या सुरक्षेचे नियम आले आणि तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे त्यांची अंमलबजावणी गेली. मोठी आग लागल्यावर नियम येतात. एकट्या पाणबुड्याच्या मृत्यूने असा धक्का बसत नाही, म्हणून त्याची चौकशी मुद्दाम काटेकोर व्हायला हवी.

पाणबुडे मरतात ती कारणे मोजकी आहेत आणि त्यांतली काही खानदेशातल्या शेतकऱ्यालाही परकी नाहीत. विहिरीच्या तळाशी डिझेल इंजिन लावले की धुराने माणूस बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही वर येत नाही. पाणबुड्याच्या बाबतीत तोच धूर कॉम्प्रेसरच्या हवा ओढणाऱ्या तोंडातून शिरतो. वाऱ्याची दिशा फिरली, शेजारच्या इंजिनाचा धूर तिकडे वळला, की कार्बन मोनॉक्साइड थेट हेल्मेटमध्ये. खोल पाण्यातल्या कामात दुसरा धोका वायूच्या अदलाबदलीचा. प्राणवायू नसलेला निव्वळ हेलियम नळीत गेला तर दोन-चार श्वासांत शुद्ध हरपते. गुदमरल्यासारखे काही वाटतच नाही, म्हणून हाक मारायलाही वेळ मिळत नाही.

दुसरे कारण दाबातल्या फरकाचे. आमचा बोदवड तालुका पाण्यासाठी पूर्णा नदीकडे पाहतो. जॅकवेल, फुटव्हॉल्व्ह, जाळीवर अडकलेला गाळ, हे इथे रोजचे शब्द आहेत. धरणाच्या पाण्यात वीस मीटर खोलीवर तीस सेंटिमीटर व्यासाचे भोक आहे आणि पलीकडची बाजू रिकामी आहे, असे धरले तर त्या भोकाच्या तोंडाशी सुमारे चौदाशे किलोचा जोर येतो. हात किंवा पाय त्यात गेला तर कितीही माणसांनी ओढून तो सुटत नाही. वरून पाणी शांत दिसते. जवळ जाईपर्यंत ओढ जाणवत नाही, आणि जाणवते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून इथे पहिला प्रश्न ‘तो तिथे का गेला’ हा नसावा. ‘दोन्ही बाजूंचा दाब सारखा केल्याची खात्री कोणी केली, कशी केली आणि कुठे लिहिली’ हा असावा.

याची अलीकडची आणि फार दुःखद साक्ष त्रिनिदादची आहे. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी तिथल्या पारिया या सरकारी इंधन कंपनीच्या तीस इंची पाइपलाइनवर पाच पाणबुडे काम करत होते. पाइपमधला हवेने फुगवलेला बूच काढताच पाचही जण पाइपमध्ये ओढले गेले. एकजण अंधारात सरपटत तोंडाशी पोचला आणि वाचला. बाकीचे जिवंत आहेत असे त्याने सांगितले. ते चौघे परत आले नाहीत. आधीच्या दिवसांत पाइपमधला द्रव काढताना आत पोकळी तयार झाली होती आणि तीच खेचणारी ताकद ठरली. सरकारने आयोग नेमला आणि त्याच्या सुनावण्या दूरचित्रवाणीवर दाखवल्या गेल्या. अभियंते, व्यवस्थापक, नातेवाईक, वाचलेला पाणबुड्या, सगळ्यांची साक्ष देशाने ऐकली. माणसे आत असताना बचावाला उतरू पाहणाऱ्यांना कोणी अडवले आणि का, याचाही जाब उघडपणे विचारला गेला. त्रिनिदाद हा आपल्या एखाद्या जिल्ह्याएवढा देश. त्याला हे जमले.

बाकीची कारणे थोडक्यात सांगता येतील. जहाज संगणकाच्या साह्याने जागेवर धरले जाते. ती यंत्रणा चुकली की जहाज वाहते आणि पाणबुड्याला हवा, गरम पाणी, उजेड आणि आवाज पोचवणारी नळी, म्हणजे अम्बिलिकल, ताणून तुटते. ती नळी जास्त लांब सोडली तर थ्रस्टरच्या पात्यात सापडते. पाण्याखाली प्राणवायू आणि विजेने पोलाद कापताना बंदिस्त जागेत साठलेला वायू फुटतो. वरून सोडलेले ओझे चुकीच्या जागी येते. यांतल्या प्रत्येकाची खूण कुठल्या ना कुठल्या नोंदीत राहते, फक्त ती वेळेत हाती यावी लागते.

म्हणून पहिले काही तास महत्त्वाचे. हेल्मेट धुऊन ठेवू नये. पाठीवरच्या राखीव सिलिंडरची चावी किती फेरे उघडी होती ते मोजून लिहावे आणि मगच ती बंद करावी. कारण राखीव वायू त्याने उघडला होता की नाही, यावरून त्याला संकट कळले होते की नाही, हे समजते. मिश्रणाच्या प्रत्येक बाटलीतला नमुना जहाजावरच्या उपकरणावर न तपासता किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत जावा, कारण ते उपकरणच चुकीचे दाखवत असेल तर तेच अपघाताचे कारण असू शकते. अम्बिलिकल तुटली असेल तर दोन्ही टोके गुंडाळून राखावीत. जहाजाच्या संगणकातल्या जागेच्या आणि थ्रस्टरच्या नोंदी उतरवून घ्याव्यात. कामाचा परवाना, पाइप बंद केल्याचे प्रमाणपत्र, सुपरवायझरची हाताने लिहिलेली वही, हे सगळे मूळ रूपात ताब्यात यावे. प्रती पुरत नाहीत, कारण खाडाखोड प्रतीत दिसत नाही.

सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे ध्वनिमुद्रण. पाणबुड्याच्या हेल्मेटमध्ये माइक असतो, बहुतेकदा कॅमेराही. सुपरवायझरशी चाललेले सगळे बोलणे नोंदले जाते. काम सुरळीत पार पडले तर हे मुद्रण फार दिवस ठेवले जात नाही आणि त्यावरच पुढचे काम नोंदले जाते. अपघात घडताच ते थांबवून काढून घेतले नाही, तर मृताचा स्वतःचा जबाब पुसला जातो. श्वासाचा वेग, दोन वाक्यांमधली शांतता, हेलियमने चिरका झालेला आवाज, यांतून जाणकार माणूस पुष्कळ काही ओळखतो. श्वास वाढला होता की एकाएकी थांबला, हे शवविच्छेदनापेक्षा या मुद्रणातून अधिक खात्रीने कळते.

शवविच्छेदन हा या विषयातला सर्वांत अवघड भाग, आणि इथे सर्वाधिक चुका होण्याचा संभव आहे. दाबाखाली मेलेल्या माणसाच्या शरीरात वायू मुरलेलाच राहतो, कारण रक्त थांबल्यावर तो फुफ्फुसांवाटे बाहेर पडत नाही. शरीर वर आले की तो रक्तवाहिन्यांत आणि हृदयात बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो. त्यातच कुजण्याने तयार झालेला वायू मिसळतो. हा पाणबुड्या वेगाने वर आल्यामुळे मेला, असा निष्कर्ष ते बुडबुडे पाहून सहज निघतो, आणि तो साफ चुकीचा असू शकतो. तळाशी विषारी हवेने मेलेल्या माणसावर ‘नियम मोडून वर आला’ असा ठपका बसतो. हे टाळायचे तर शरीर उघडण्याआधी क्ष-किरण किंवा सीटी स्कॅन काढावा. मृत्यू, शरीर वर आणणे आणि विच्छेदन यांच्या वेळा मांडाव्यात. वायू नेमका कोणत्या वाहिनीत आहे हे पाण्याखाली छेद घेऊन पाहावे आणि जमेल तिथे त्या वायूचेच पृथक्करण करावे. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड तपासावा. ‘बुडून मृत्यू, व्हिसेरा राखून ठेवला’ या ओळीने काहीच सिद्ध होत नाही. पाण्यात बेशुद्ध पडलेला प्रत्येकजण शेवटी बुडतोच, तो बेशुद्ध का पडला हा प्रश्न उरतो.

हे ज्ञान मुंबईतच आहे. कुलाब्याच्या आय.एन.एच.एस. अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात नौदल वैद्यक संस्था आहे आणि पाणबुड्यांच्या आजारांचे तज्ज्ञ तिथे घडतात. अपघाती मृत्यूंचे शवविच्छेदन जिथे होते ते जे.जे. रुग्णालय तिथून काही किलोमीटरवर. या दोघांना एका टेबलाशी आणणारा कायमचा आदेश काढणे एवढेच काम आहे.

माणसावर ठपका ठेवण्याची घाई किती महाग पडते, हे नॉर्वेने शिकवले. ५ नोव्हेंबर १९८३ रोजी उत्तर समुद्रातल्या बायफर्ड डॉल्फिन या रिगवर चार पाणबुडे नऊपट दाबाच्या चेंबरमध्ये होते. चेंबरचे दार बंद होण्याआधीच बेलचा क्लॅम्प उघडला गेला आणि दाब क्षणार्धात बाहेरच्या हवेइतका झाला. चौघे पाणबुडे जागीच गेले, बाहेरच्या दोन मदतनिसांपैकीही एक गेला. क्लॅम्प उघडणाऱ्याची चूक, असे पहिल्यांदा ठरले. पण आत दाब असताना क्लॅम्प उघडूच नये अशी अडसराची व्यवस्था त्या यंत्रात नव्हती, ही बाब दबून राहिली. मृतांच्या घरच्यांना न्यायासाठी दोन दशकांहून अधिक काळ झगडावे लागले. त्याच समुद्रातल्या जुन्या पाणबुड्यांनी पुढे युरोपीय मानवाधिकार न्यायालयात दाद मागितली. ५ डिसेंबर २०१३ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, दाब उतरवण्याच्या कोष्टकांतला धोका पाणबुड्यांना कळेल अशी खबरदारी नॉर्वेच्या सरकारने घेतली नाही. ती कोष्टके कंपन्या व्यापारी गुपित म्हणून जपत होत्या.

आता भारतात चौकशी कोण करते ते पाहावे. मुंबईच्या किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपलीकडे घडलेल्या मृत्यूची नोंद मुंबईच्या यलो गेट पोलीस ठाण्यात येते. जहाजाचा प्रश्न नौवहन महासंचालनालयाचा, तेलक्षेत्राच्या सुरक्षेचा प्रश्न तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाचा, भरपाईचा प्रश्न कामगार कायद्याचा. कंपनी आपली अंतर्गत चौकशी वेगळी करते. तेल कंपनी, ठेकेदार, उपठेकेदार आणि माणसे पुरवणारी एजन्सी अशी चार पायऱ्यांची उतरंड असते आणि पाणबुड्या सर्वांत खालच्या पायरीवर, तोही कराराने. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात पी-३०५ हा बार्ज बुडाला. त्यावरच्या २६१ जणांपैकी सत्तरहून अधिक गेले. नांगर कोणी टाकला, बार्ज मागे का घेतला नाही, जबाबदारी कोणाची, यावर या पायऱ्यांमध्ये टोलवाटोलवी झाली. घरचे लोक मात्र डीएनए जुळण्याची वाट पाहत होते.

याच समुद्रावर दुसरा दाखलाही आहे. २८ जून २०२२ रोजी ओएनजीसीच्या माणसांना नेणारे पवन हंसचे हेलिकॉप्टर ‘सागर किरण’ रिगजवळ पाण्यात उतरले. नऊपैकी चौघे दगावले. चौकशी विमान अपघात अन्वेषण ब्युरोकडे गेली. हा ब्युरो २०१२ मध्ये स्थापन झाला. विमान वाहतुकीचे नियमन करणाऱ्या महासंचालनालयापासून तो वेगळा आहे, ठपका ठेवण्यासाठी चौकशी करत नाही, आणि त्याचे अंतिम अहवाल कोणालाही वाचता येतात. त्याच कंपनीच्या, त्याच समुद्रातल्या कामगाराचा मृत्यू हवेत झाला तर एक न्याय आणि पाण्याखाली झाला तर दुसरा, याला कोणतेही समर्थन नाही.

मंत्रालयाकडे मागणी आहे ती याच धर्तीवर. समुद्रातील कामांतल्या प्रत्येक मृत्यूसाठी, नियमन करणाऱ्यापासून वेगळे असे कायमचे अन्वेषण पथक असावे. त्यात कामाचा अनुभव असलेला सॅच्युरेशन सुपरवायझर, वायूंचा रसायनतज्ज्ञ, जहाज जागेवर धरणाऱ्या यंत्रणेचा अभियंता आणि पाणबुड्यांचा वैद्य असावा. घटनेपासून बारा तासांत ध्वनिमुद्रण, हेल्मेट, वायूचे नमुने आणि नोंदवह्या या पथकाच्या मोहोरेखाली याव्यात. पथकासमोर दिलेली साक्ष फौजदारी खटल्यात साक्षीदाराविरुद्ध वापरली जाऊ नये, म्हणजे माणसे खरे बोलतील. पोलिसांचा तपास वेगळा चालू राहील. जीव वाचला पण थोडक्यात, अशा घटनाही पथकाकडे कळवणे बंधनकारक असावे, कारण मृत्यूच्या आधी तशा घटना बहुधा घडलेल्या असतात.

अहवाल ठरलेल्या मुदतीत छापला जावा. बोदवडसारख्या गावातून आयटीआय करून वेल्डर झालेला, मग पाण्याखालचे वेल्डिंग शिकून समुद्रावर गेलेला तरुण परत आला नाही, तर त्याच्या आई-वडिलांच्या हाती इंग्रजीतले चार कागद आणि भरपाईचा धनादेश पडतो. अहवालाची प्रत त्या घराच्या भाषेत, ज्या दिवशी कंपनीला मिळेल त्याच दिवशी, त्या घरी पोचावी, आणि शेवटच्या संभाषणाचे मुद्रण ऐकायचे की नाही, हे त्या घराने ठरवावे.

कळावे,
एक नागरिक
बोदवड, जि. जळगाव